प्लायवूडच्या पलीकडे बसलेली सासू

"मॅडम, हळू बोला. आई बाहेर बसली हाय," रेखा म्हणाली.

तिचं खरं नाव वेगळं. आई म्हणजे तिची सासू. बाहेर म्हणजे माझ्या खुर्चीपासून तीन हातांवर. माझी खोली म्हणजे दवाखान्याच्या जुन्या ड्रेसिंग रूममध्ये प्लायवूड ठोकून काढलेला कोपरा, आणि ते प्लायवूड छतापर्यंत पोचत नव्हतं. पलीकडच्या बाकावर कोणी खोकलं तरी मला ऐकू यायचं. पूर्ण पार्टिशनसाठी मी चार अर्ज केले होते. चारही वेळा "पाहू" एवढंच उत्तर मिळालं.

गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी आयसीटीसीची काउन्सेलर होते. आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीची रक्ततपासणी आणि सल्ला एकाच ठिकाणी. रिपोर्ट मी सांगायचा, आणि तो पुढे कोणाला सांगायचा हे पेशंटने ठरवायचं. नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. गोंदियाजवळच्या फुलचूरहून रोज बसने जायचे. माझे वडील आठवडी बाजारात कांदे विकायचे. भाव करायला मी तिथे शिकले, आणि पेशंटशी बोलताना ते मला पदवीपेक्षा जास्त कामी आलं.

रेखाला सातवा महिना होता. गरोदरपणाच्या तपासणीत रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला, म्हणजे एचआयव्हीची लागण होती. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच, दाईच्या हातून. मोठ्या जावेची दोन्ही तशीच झाली होती. अडचण इथेच होती. त्या काळी कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला औषध द्यायचो. त्याने बाळाला लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी व्हायचा. पण त्यासाठी बाई दवाखान्यात यायला हवी, आणि घरातल्या कोणाला तरी खरं माहीत असल्याशिवाय तिला आणणार कोण?

"नवऱ्याला सांग," मी म्हटलं. ट्रेनिंगमध्ये क्रम हाच शिकवला होता. आधी जोडीदार.

"तो फोन ठेवल आन् आपल्या भावाले लावल. भाऊ जावेले सांगल. दुसऱ्या दिवशी बोरिंगवर पाणी भरता भरता साऱ्या गावाले मालूम."

"मग सासूला."

"घरातून काढलं तं कुठं जाऊ?"

आदल्या वर्षी अशाच एका बाईला सासरच्यांनी गोठ्यात झोपायला लावलं होतं. ताट वेगळं, पाण्याचा गडवा वेगळा. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती गोठ्याच्या दारातच उभी राहून बोलली. रेखाला ती बाई माहीत होती. शेजारचंच गाव.

मी बरंच समजावलं. एकालाच सांग, अर्धंच सांग, मी सोबत येते. ती पदर बोटाला गुंडाळत राहिली, बोट पांढरं पडेपर्यंत. शेवटी माझं डोकं फिरलं.

"अगं, तुझं पोर हा आजार घेऊन जन्मलं तर चालेल का तुला?" मी ओरडले.

पलीकडचा बाक करकरला. आम्ही दोघीही छताजवळच्या त्या फटीकडे पाहत होतो.

सासू दारात आली. रोवणी, म्हणजे भातलावणी, सोडून आलेली, पायांना चिखल सुकलेला.

"काऊन वरडून राहिली वो बाई पोरीवर?"

"रक्त कमी आहे तिचं. बाळंतपण दवाखान्यातच करा."

"आमची दाई हाय ना."

"दाई रक्त चढवते का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "चाल."

पुढचे तीन आठवडे माझे वाईट गेले. रेखाच्या गावची नर्स मीटिंगला आली की मी दहा गोष्टी विचारून मध्येच रेखाची चौकशी करायचे. घरीच आहे ना? रोवणीला जाते ना? नर्सला संशय येऊ नये म्हणून आणखी दहा गोष्टी विचारायचे.

चौथ्या आठवड्यात रेखा आली. सासूला बाकावर बसवून एकटीच आत आली आणि कुजबुजली, "आज सांगतो आईले. पण तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही भांडता."

"आधी नवरा..."

"त्याले आई सांभाळल. तुमच्यानं होत नाही ते."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितलेल्या भावात सौदा केला. सासूला आत घेतलं, बाहेरचा बाक शिपायाला उचलायला लावला आणि गप्प बसले.

रेखाने दोन वाक्यांत सांगितलं. सासूने विचारलं, "जावेले मालूम हाय काय?"

"नाही."

"मंग मलेही मालूम नाही." ती उठली. "रक्त कमी हाय म्हणून दवाखान्यात आणतो. दाईले मी पाहून घेतो."

दिवाळीच्या आधी, धान कापणीला येत असताना, रेखा भर दुपारी दाखल झाली. गोळी वेळेवर मिळाली. मुलगी झाली, तिलाही औषध दिलं. संध्याकाळी वॉर्डात गेले तर रेखाच्या खाटेला अडकवलेल्या केसपेपरवर लाल पेनाने मोठ्ठं 'रिॲक्टिव्ह' लिहिलेलं, भोवती दोन गोल. आणि दारातून मोठी जाऊ डबा घेऊन आत येत होती. दहावी शिकलेली.

मी ते पान टरकन फाडून पर्समध्ये घातलं. मग सिस्टरला व्हरांड्यात गाठलं.

"लाल पेन कशाला?"

"आमच्या जिवाचंही पाहावं लागते, मॅडम. कोणाले काय हाय ते कळाले नको?"

"ग्लोव्हज सगळ्यांसाठी घालायचे असतात. अंगणात बोर्डच लावा ना तिच्या." पुढचं मी लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मेमो आला. सरकारी कागद फाडला, स्टाफशी असभ्य वर्तन. लाल पेनाबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. त्या वर्षी माझं कंत्राट दोन महिने लटकलं. सिस्टरला काही झालं नाही. हे मी अजून विसरलेले नाही.

दीड वर्षाची झाल्यावर मुलीची शेवटची तपासणी झाली. रिपोर्ट निगेटिव्ह. तोवर सासूने "अशक्तपणा आला" म्हणत रेखाच्या नवऱ्यालाही तपासणीला आणलं होतं. तोही रिॲक्टिव्ह निघाला. गोंदियाला नवरा-बायको दोघांचे उपचार सुरू होते. जावेला तेव्हाही काही माहीत नव्हतं.

रिपोर्ट घेऊन रेखा पुढे गेली. सासू नातीला कडेवर घेऊन दारात थांबली.

"बाई, त्या दिवशी तू वरडली ना, तवाच समजलं होतं मले. बाहेर बोर्ड हाय तुह्या खोलीचा. मले वाचता येत नाही, पण काय लिहिलं हाय ते शिपायाले इचारलं."

"मग तीन आठवडे गप्प का राहिलात?"

"तिनं सांगाले पाहिजे ना. मीच इचारलं असतं तं ती पळून गेली असती."

ती गेली. मी प्लायवूडकडे पाहत बसले. रेखाचं गुपित लाल पेनाने फुटलं नव्हतं. ते माझ्या तोंडून फुटलं होतं. सासू दुसरी कोणी असती तर रेखाही गोठ्यात गेली असती. मला मेमो मिळायलाच हवा होता, फक्त तो चुकीच्या दिवसाचा मिळाला.

पाचवा अर्ज मी त्याच दुपारी केला. पार्टिशन छतापर्यंत नेण्याबद्दल. आणि तोवर हळू बोलायला लागले.