सात मिनिटं गप्प

बुलढाण्यात दातांच्या दवाखान्यात माझा नंबर त्यांच्यानंतर होता. मोताळ्याकडचे सत्तरीचे गृहस्थ. समोरच्या दाताची निघालेली कॅप त्यांनी रुमालात आणली होती आणि दर दोन मिनिटांनी ते रुमाल उघडून बघत.

"उद्या बायकोचं पुण्यानुमोदन हाये," ते म्हणाले. "बुद्धवंदना मलेच घ्या लागते. फटीतून वारं निघते, पोरं हासतीन. म्हणून दोनदा घरीच चिकटवली."

आत जाताना त्यांनी मलाही सोबत घेतलं. डॉक्टर रागावले. "काका, हा गोंद सगळा खरवडावा लागेल. दात स्वच्छ आणि कोरडा असल्याशिवाय सिमेंट धरत नाही."

"ती गेली तवा माह्यं तोंड कोरडं पडलं होतं," काका म्हणाले. "तवाच बसवाले पाह्यजे होती."

डॉक्टर पुढे रागावले नाहीत. कॅप बसवून, कापूस चावायला देऊन त्यांनी काकांना सात मिनिटं गप्प बसवलं. मी घड्याळ लावलं.

"काका, झाली सात."

त्यांनी तीन बोटं वर केली. मी आणखी तीन मिनिटं मोजली. मग कापूस काढून, हात जोडून ते हळूच म्हणाले, "बुद्धं सरणं गच्छामि." आणि माझ्याकडे बघितलं. "वारं निघालं का हो?"

"नाही," मी म्हणालो.

रिकामा रुमाल त्यांनी डोळ्यांना लावला.