गोठ्यातले दूध, परवान्याचे पनीर

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण खांदा कॉलनीतले ते प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही.

एका सोसायटीत बारशाचे जेवण झाले. संध्याकाळपर्यंत बरेचसे पाहुणे उलट्या-जुलाबांनी इस्पितळात दाखल. बाळाची पणजी दुसऱ्या दिवशी गेली. अकस्मात मृत्यूची नोंद करून आम्ही तपास हाती घेतला. त्याच दुपारी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला.

"बासुंदीचं दूध गावातल्या बाईकडून आलंय. ती दुधात पावडर कालवते. गोठा बघा एकदा."

बाई आगरी, कॉलनीलगतच्या गावातली, साठीच्या आसपासची. शेती नव्या शहराच्या प्रकल्पात गेलेली. उरलेल्या तुकड्यावर चार म्हशी. कॉलनीत घरोघरी ती स्वतः दूध घालायची. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना घेऊन आम्ही गेलो. त्यांनी नमुने सीलबंद केले, उरलेले दूध पंचांसमक्ष ओतून दिले. सगळा गाव बघत होता. दूधविक्रीची नोंदणी विचारली, तर ती काय असते हेच बाईला ठाऊक नव्हते.

ठाण्यात महिला हवालदाराला बसवून मी जबाब घेतला. खोटे बोलणारा माणूस लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा माझा अनुभव. हिने कुणाचेच नाव घेतले नाही.

"साहेब, ह्याच दुधावर माजी नात वाढतेय. मी त्यात कायबाय घालीन?"

"मग माणसं आजारी कशी पडली?"

"मना नाय म्हायती. ती म्हातारी रोज माज्याशी बोलायची. मना तिच्या घरी तरी जाऊन द्या."

पाहुण्यांचे जबाब घेताना कळले, बासुंदीला हात न लावलेलेही आजारी होते. मग बारशाचा स्वयंपाक केलेल्या आचाऱ्याला पुन्हा बोलावले.

"पनीर स्वस्तात मिळालं, साहेब. वास येत होता. वाटलं, मसाल्यात दबेल."

पनीर बाजारातल्या परवानाधारक डेअरीचे. निनावी फोनही त्याच डेअरीच्या नोकराचा निघाला. मालकाने करायला लावला होता. प्रयोगशाळेत पनीर दूषित ठरले, दूध निर्दोष.

"आता बाईचं काय?" मी अन्न अधिकाऱ्यांना विचारले.

"विनानोंदणी विक्री, गोठ्यालगत उघडं गटार. कारवाई होणारच. उद्या तिच्या दुधानं कोणी दगावलं, तर लोक मलाच धरतील."

"आणि डेअरीची तपासणी?"

"एवढ्या भागाला मी एकटा आहे, साहेब."

माणूस प्रामाणिक होता.

अहवाल आल्यावर मी स्वतः तिच्याकडे गेलो. कॉलनीने दूध बंद केले होते. म्हशी विकून झाल्या होत्या.

"मावशी, तुमचं दूध शुद्ध निघालं."

"ता मना ठावंच होता," ती म्हणाली. "आता कोनाला सांगू?"

डेअरी काही महिन्यांत दुसऱ्या नावाने पुन्हा उघडली. कायदा नको असे मी म्हणणार नाही; एक म्हातारी हकनाक गेली आहे. पण कायद्याचा हात आधी तिथेच पडतो, जिथे दार उघडे असते आणि आडवे यायला कोणी नसते. मी डेअरीच्या मालकाला पकडले, एवढेच. त्या बाईचे काहीच परत देता आले नाही.

ती आता कळंबोलीला धुणीभांडी करते. खांदा कॉलनी जवळ पडली असती. तिथे तिला सगळे ओळखतात, म्हणून ती जात नाही.