न वाजणाऱ्या खोक्याची चोरी

ती घटना आजही आठवली की माझ्या पोटात काहीतरी घुमतं, आणि त्याचा संबंध वयाशी किंवा डॉक्टरांच्या पथ्याशी नाही.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीतल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. गणपतीचा बंदोबस्त नुकता उरकला होता आणि नवरात्राचा समोर उभा होता. अशात गावातल्या एका ऑर्केस्ट्राचा मालक तक्रार अर्ज घेऊन आला. त्याच्या बेस गिटारचा अँप, म्हणजे त्या गिटारचा खर्जातला आवाज ज्यातून बाहेर पडतो तो कमरेइतका उंच खोका, चोरीला गेला होता. संशय कोणावर, असं विचारलं.

"संशय कसला साहेब? आमच्या बेसवाल्यानेच विकलान. सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे, आणि जुन्या तारा विकायचा धंदाही तोच करतो."

ज्या तक्रारदाराला चोर आधीच माहीत असतो, त्याच्या अर्जाची चौकशी जरा सावकाश करावी, असा माझा अनुभव आहे. इथे सावकाशीला आणखी एक कारण होतं. त्याच बेसवाल्या पोराचे पासपोर्टचे पडताळणीचे कागद माझ्या टेबलावर पडले होते. त्याचा मामा बोटीवर होता आणि त्याने खटपट करून भाच्याला एका प्रवासी बोटीच्या बँडमध्ये जागा मिळवली होती. अर्जावरून गुन्हा दाखल झाला असता तर पासपोर्ट अडकला असता, आणि बोट काही कोणासाठी थांबत नाही.

मी हवालदाराला पोराच्या घरी पाठवलं. हवालदार अनुभवी होता, पण त्याचा संगीताशी संबंध सेवानिवृत्तीच्या समारंभात वाजणाऱ्या बँडपुरता. तो दोन शोध लावून परतला. एक, पंचनाम्यात त्याने लिहिलं होतं, 'गिटारला तारा सहा असावयास पाहिजेत, पैकी दोन गहाळ.' दुसरा त्याने माझ्या कानाशी येऊन सांगितला.

"साहेब, संशयित घरी तारा शिजवतो. मी गेलो तेव्हा चुलीवर उकळत होत्या. पुरावा नष्ट करत होता म्हणा ना."

त्याने पोराच्या आईचा जबाबही घेतला होता. "शिजवतो तर काय! महिन्याला आहेच ते. माझं साराचं पातेलं बाटवलंन मेल्याने," असं त्या माउलीचं म्हणणं होतं. हवालदाराने 'मेल्याने' हा शब्दही जबाबात तसाच ठेवला होता.

पोराला बोलावून समोर बसवलं. सडपातळ, अबोल, बोटांना घट्टे. विचारलं, बाकीच्या दोन तारा कुठे?

"साहेब, हिला चारच असतात."

"आणि शिजवतोस कशाला?"

"इथल्या खाऱ्या हवेने आवाज मरतो. नवा संच मुंबईहून मागवायचा, तो परवडत नाही. उकळल्या की बोटांचा मळ निघतो, तार परत खणखणते. तीन-चार वेळा चालतं. मग तो संच दापोलीच्या कॉलेजची पोरं घेतात."

"म्हणजे मेलेल्या तारा विकतोस?"

"त्यांना अजून फरक कळत नाही साहेब. कळायला लागला की मी विकायच्या बंद करतो."

उत्तर प्रामाणिक होतं. हवालदाराने मात्र 'फसवणूक' असा शब्द लिहायला घेतला, तो मी थांबवला.

खरी पंचाईत पुढे होती. चोरी कधी झाली हेच कळेना. ऑर्केस्ट्रातल्या एकेकाला बोलावलं. गायिका म्हणाली, "बेस? तो मागे उभा असतो तोच ना?" ढोलकीवाला म्हणाला, "होता बहुतेक." मालकाला पत्ता लागला तो लाइटवाल्यामुळे. दाभोळच्या कार्यक्रमाला बोर्डातला एक प्लग रिकामा कसा, असं त्याने सहज विचारलं होतं. मी पुन्हा पोराकडे वळलो.

"तुला कधी कळलं?"

"दापोलीला. टेम्पोतलं सामान उतरवलं तेव्हाच अँप नव्हता. पडदा उघडायला आला होता. वायर खिशात खोचली आणि उभा राहिलो."

"मग?"

"सगळा कार्यक्रम वाजवला."

"ऐकू कोणाला आला?"

"कोणाला येणार?"

"कोणी काही बोललं नाही?"

पोराने मान खाली घातली. "कीबोर्डवाला म्हणाला, आज बॅलन्स छान होता."

मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी पोराचं फार वाईट वाटलं. मालकाला का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "दाभोळला तरी कोणी विचारेल म्हटलं. एकाने जरी विचारलं असतं, तर तिथल्या तिथे सांगितलं असतं साहेब." चोरी करणारा माणूस घाबरतो, चिडतो, देवाच्या शपथा घेतो. रुसलेला चोर मी नोकरीत पाहिला नव्हता. माझ्यापुरता तो सुटला, पण अँप मिळाल्याशिवाय मालक गप्प बसणार नव्हता.

खबर आली ती भलत्याच वाटेने. पूर्णगडच्या बाजूच्या एका गावचे पोलीस पाटील बांधाच्या भांडणासाठी ठाण्यात आले होते. जाता जाता म्हणाले, "साहेब, आमच्या सप्त्याचं काहीतरी करा. मंडळाने नवा खोका आणलान. मृदंगावर थाप पडली की आमचे फळीवरचे पेले चालायला लागतात. बुवांनी ओवी घेतली की सासूबाई छाती धरून बसतात."

सप्ता म्हणजे देवळात सात दिवस अखंड भजन. घराघरांतून पहारे लावतात आणि भजन क्षणभरही थांबू देत नाहीत. मी दुपारीच जीप काढली. बरोबर हवालदार होताच, ओळख पटवण्यासाठी पोराला घेतलं, आणि त्याने गिटार घेतली. गावाच्या अलीकडे वळणावर मृदंगाचा आवाज आला तसा तो ताठ बसला.

"साहेब, माझाच. आतल्या स्पीकरचा कागद फाटलाय वाटतं थोडा."

देवळात खांबाला टेकून अँप उभा होता. त्याला कुंकू लावलेलं, जास्वंदीचा हार घातलेला, पुढे नारळ. मागच्या बाजूला ऑर्केस्ट्राचं नाव तसंच होतं. शेजारी टाळ घेऊन बसला होता ऑर्केस्ट्राचा टेम्पोवाला, तो याच गावचा निघाला. गणवेश दिसताच त्याचा टाळ चुकला. टाळ दुसऱ्याच्या हातात देऊन तो स्वतःच बाहेर आला.

"साहेब, गणपतीत आमच्या देवळाचा कर्णा जळला. ऑर्केस्ट्राच्या सगळ्या सामानात हा एकच खोका असा, की वाजतो की नाही ते कोणालाच कळत नाही. म्हटलं, सप्ता झाला की गुपचूप नेऊन ठेवीन. देवाच्या कामाला आणलाय हो."

"आणि या पोरावर आळ आला तेव्हा?"

तो पोराकडे बघेना. "सप्ता उठला की सांगणार होतो. मध्येच बोललो असतो तर तुम्ही उचलून नेला असतात."

त्यात तो चुकला नव्हता. कायद्याने मुद्देमाल ताब्यात घ्यायला हवा होता. पण चालू सप्त्यातून खोका उचलायला पंच मिळाले नसते आणि मला जीपपर्यंत वाट मिळाली नसती. मी हवालदाराला मुद्देमालाच्या पहाऱ्यावर बसवलं. पाच मिनिटांत कोणीतरी त्याच्या हातात टाळ दिला.

पोराने अँपला हात लावून बघितला. "माईक आणि मृदंग यात नका लावू, फुटेल. माझी वायर लावून बघू?" मंडळाने परवानगी दिली. त्याने आवाज बेताचा ठेवला आणि चालू अभंगाखाली हळूच एक सूर धरला. कानाला फारसं काही कळलं नाही. पोटात मात्र काहीतरी येऊन बसलं. पाटलांचे पेले जागेवर राहिले. म्हातारे बुवा डोळे मिटून गात होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पण आवाज मोकळा झाला होता.

तेवढ्यात कोणीतरी चहा आणला. पोराने तारेवरचा हात काढून पेला घेतला. बुवांनी डोळे उघडले. बाकीच्यांना गात राहण्याची खूण करून ते मागे वळले.

"काय गेलं रे? आत्ता होतं ते काय गेलं?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. चहा तसाच खाली ठेवून त्याने पुन्हा सूर धरला.

दुसऱ्या दिवशी मी पडताळणीचा अहवाल स्वच्छ पाठवला. सप्ता उठल्यावर मालक स्वतः प्रसादाला गेला, पोरासमोर कान पकडले आणि अँप घेऊन आला. टेम्पोवाल्याला शिक्षा एवढीच, की तो खोका यापुढे त्याने एकट्याने चढवायचा. हवालदार घसा बसवून परतला आणि आठवडाभर ठाण्यात खुणेने बोलत होता. पोरगा बोटीवर गेला. पहिल्या पगारात आईला नवं पातेलं घेतलंन असं कळलं.

पुढे मी बऱ्याच ठाण्यांत प्रमुख झालो. आरडाओरडा करणारी माणसं सगळ्यांनाच दिसतात. मी हजेरी घेताना कोपऱ्यातल्या गप्प शिपायाला मुद्दाम चार शब्द विचारू लागलो, आणि त्यातून बरेच तपास लागले. निवृत्तीच्या समारंभाला सहकाऱ्यांनी ऑर्केस्ट्रा ठेवला होता. भाषणं चालू असतानाच मी उठून स्टेजवर गेलो. लोकांना वाटलं, साहेब भावुक झाले. मी फक्त मागे उभ्या असलेल्या बेसवाल्याची वायर कुठे गेली आहे ते पाहून आलो.