ओन्मेमावशीची पळी

शनिवारी सकाळी ओन्मेमावशीने यदनाच्या हातात पळी दिली, आणि न्वेयीने तोंडाशी नेलेला शेवयांचा घास परत वाटीत टाकला.

यांगूनच्या त्या गल्लीच्या तोंडाशी, बदामाच्या झाडाखाली, मावशी चोवीस वर्षं मोहिंगा विकत होती. माशाचा दाट रस, त्यात केळीचा गाभा, तांदळाच्या शेवया, वरून दुधीची कुरकुरीत भजी. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी न्वेयी त्यातली सोळा वर्षं रोज त्याच बुटक्या स्टुलावर बसून जेवली होती. नुसती जेवली नव्हती. सुट्टीच्या दिवशी अंडी सोलली होती, पाण्याच्या बादल्या वाहिल्या होत्या, मावशीला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती. पण रसाच्या त्या काळ्या भांड्याची पळी? तिला हात लावायची सोय नव्हती. "दुसऱ्याच्या हाताने ढवळलं की रस फुटतो," असं मावशीच म्हणायची.

आणि सिंगापुरात अकरा वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक करून परवा उतरलेली ही यदना! शाळेत एका बाकावरची, एकाच गावची, तेव्हा तिला घरी उतरवून घेणं भाग होतं. ती आली, मावशीकडे पाहून गोड हसली आणि म्हणाली, "मावशी, हात दुखतोय तुमचा. द्या इकडे."

मावशीने दिली की हो! कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

एखाद्या दिवशी न्वेयीने हे हसण्यावारी नेलंही असतं. पण आता गोष्ट वेगळी होती. पाण्याचा सण झाला की मावशी गाशा गुंडाळून लेकीकडे बगो शहरात जाणार होती, कायमची. मग भांडं कुणाचं, झाडाखालची जागा कुणाची, हे ती कुणालाच सांगत नव्हती. गल्लीतल्या चार बायांनी आडून आडून विचारून पाहिलं होतं. न्वेयीने मात्र अवाक्षर काढलं नव्हतं. दातांच्या दवाखान्यात बसून आजाऱ्यांचे नंबर पुकारण्यात तिचं आयुष्य चाललं होतं, आणि रोज दुपारी पेंगताना ती मनातल्या मनात दुधी चिरत असे. पण विचारायचं कसं? विचारलं की समोरच्या माणसाला "नाही" म्हणायची पाळी येते, आणि वडीलधाऱ्यांवर अशी पाळी आणणं म्हणजे पाप. मावशी आपणहून म्हणेल, असं धरून ती सोळा वर्षं अंडी सोलत राहिली होती.

त्यात रात्री जेवताना यदना म्हणाली, "इथेच काही जमलं तर परत जाणारच नाही बघ मी."

न्वेयीने रात्रीच बेत ठरवला. रविवारी पहाटे तिने यदनाला उठवलं. "चल, तुला शहर दाखवते."

"आधी मोहिंगा खाऊ ना!"

"तो काय रोजचाच. चल."

आणि मग तिने यदनाला यांगून दाखवलं, पण असं दाखवलं की कुणीही पहिल्या विमानाने पळून जावं. रिकामी बस सोडून भरलेली पकडली. कंडक्टर यदनाकडे बघून ओरडला, "आत सरका, आत! ओ बाई, पोट घरी ठेवून यायचं ना!" न्वेयीला वाटलं, आता हिचं नाक वाकडं होईल. यदना खो खो हसली आणि कंडक्टरला म्हणाली, "तुझं कुठे ठेवलंयस, दादा?" अख्खी बस हसली. न्वेयीला याच मार्गावर ये-जा करून नऊ वर्षं झाली होती. तिच्या बोलण्यावर आजवर कुणी हसलं नव्हतं.

मग सुक्या मासळीचा बाजार, भर उन्हात. तिथल्या वासाने खुद्द न्वेयीनेच नाकाला रुमाल लावला. यदना एका टोपलीपाशी उकिडवी बसली, सुकी कोळंबी चावून पाहिली आणि विकणारीला म्हणाली, "ताई, ही पावसात भिजलेली आहे." ती बाई आधी चिडली, मग तिने खालच्या टोपलीतली चांगली मूठभर काढून तिच्या हातावर ठेवली. "घे. ओळखणारी भेटली." न्वेयी गेली कित्येक वर्षं त्याच बाईकडून भिजलेली कोळंबी नेत होती.

शेवटचा उपाय म्हणून तिने तिला नदीपलीकडे जाणाऱ्या होडीत चढवलं. गर्दी, पानाच्या पिंका, डिझेलचा धूर. यदनाने पावाचे तुकडे हवेत उडवले, पांढरे पक्षी तिच्याभोवती घिरट्या घालू लागले, आणि शेजारच्या म्हातारीने कौतुकाने विचारलं, "लेकी, कुठली गं तुझी ही मैत्रीण? नशीबवान दिसते."

"नशीबवान तर आहेच," न्वेयी म्हणाली. तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

संध्याकाळी दोघी मोठ्या पॅगोडावर गेल्या. अनवाणी पायांना फरशी अजून कोमट लागत होती. तिथे ज्याच्या-त्याच्या जन्मवाराचा कोपरा असतो, आणि आपल्या वयाहून एक जास्त इतके पेले पाणी तिथल्या मूर्तीवर घालायचे असतात. न्वेयी शनिवारची, यदना बुधवार दुपारची; तिथे बुधवारची सकाळ आणि दुपार हे दोन वेगळे वार धरतात. या दोन वारांची जोडी जमते, असं शाळेत असताना दोघी सगळ्यांना ऐकवायच्या. न्वेयीने आपल्या, म्हणजे शनिवारच्या, नागाच्या कोपऱ्यात पेले ओतायला सुरुवात केली. बाविसाव्या पेल्याला तिला कळलं की ती काही मागत नाहीये. नुसतं म्हणतेय, हिला मिळू नये, हिला मिळू नये. तिची तिलाच लाज वाटली, पण थांबवेना.

यदना आपले पेले संपवून तिच्याशेजारी येऊन टेकली.

"एक सांगू? रागावशील."

"सांग."

"काल तू दवाखान्यात गेलीस ना, तेव्हा मी मावशीला सरळ विचारलं. म्हटलं, भांडं मला द्याल का?"

न्वेयीच्या हातातला पेला तिरका झाला. "असं... तोंडावर?"

"तिकडे तोंडावरच विचारावं लागतं गं. नाही तर उपाशी मरायची वेळ."

"मग?"

"मग काय! हसल्या. म्हणाल्या, तू पाहुणी. पाहुणीने मागितलं तर नाही कसं म्हणायचं, म्हणून पळी दिली. भांडं नाही देणार." यदनाने तो तिरका पेला सरळ करून ठेवला. तिलाही ते लागलं होतं, हे न्वेयीला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "म्हणाल्या, द्यायचं ते न्वेयीला. पण ती मुलगी पंख्याखाली खुर्चीवर बसते. ये, माझ्यासारखी धुरात बस, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तिला नाही म्हणता यायचं नाही."

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगीच? एक सोळा वर्षं विचारत नव्हती, दुसरी सोळा वर्षं सांगत नव्हती, आणि दोघींना वाटत होतं की आपण समोरचीला जपतोय.

न्वेयीला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी खाली. वर मात्र एकच गोष्ट सलत होती. "म्हणजे मावशीच्या मनातलंसुद्धा आधी तुलाच कळलं," ती म्हणाली.

"हो," यदना म्हणाली. "आणि आता तुझं तूच विचार. मी मध्ये पडणार नाही. मलाही हवं होतं ते."

सोमवारी उजाडता उजाडता न्वेयी खाली उतरली. मावशी भांड्यावर वाकली होती. रात्रभर घोकलेलं वाक्य न्वेयीच्या ओठांपर्यंत आलं आणि परत फिरलं. दुसऱ्यांदा आलं, तेही फिरलं. शेवटी तोंडून निघाले ते यदनाचेच शब्द.

"मावशी, हात दुखतोय तुमचा. द्या इकडे."

मावशीने वर पाहिलं.

"का? पाहुणी आहेस तू?" पळी तिने तशीच धरून ठेवली, आणि हनुवटीने पाटावरचा केळीचा गाभा दाखवला. "आधी तो चिर. पातळ. चार महिने नुसता चिरायचा, मग पळीचं बघू."

"तुम्ही तर सणानंतर जाणार."

"जाईन गं. भांडं शिकवल्याशिवाय कोण जातंय? आणि त्या दवाखान्याचं काय?"

"पुकारेल दुसरी कुणीतरी नंबर," न्वेयी म्हणाली. तिने सुरी उचलून गाभ्याचा पहिला काप काढला.

"जाड झाला. पुन्हा."

सात वाजता यदना केस विंचरत खाली आली आणि बुटक्या स्टुलावर बसली. नेमक्या न्वेयीच्या. पाटामागे न्वेयीला बघून तिने एक भुवई उचलली, आणि काही न विचारता वाटी पुढे केली.

"पाहुणीला दोन भजी घाल," मावशी म्हणाली.

न्वेयीने यदनाच्या डोळ्यात डोळे घालून एकच घातलं.