पडून न राहणारी भिंगरी

माप द्यायला येऊन एका जागी उभं न राहिलेलं गिऱ्हाईक मला आजवर एकच भेटलं. सात वर्षांचं होतं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानाची पायरी ती चाकांच्या बुटांसकट चढली, आणि मी कमरेचं माप घ्यायला टेप लावली तर बाईसाहेब गोल फिरायला लागल्या! टेप तिच्याभोवती आणि टेपमागे मी. "अगं, एका जागी उभी राहा नं!" मी ओरडले. फिरता फिरताच उत्तर आलं, "उभी राहिली का पडते नं मी काकू! फिरत राहिली का नाही पडत."

शाळेतलं नाव अनुजा. मी त्याच दिवशी तिला भिंगरी केलं, आणि मग साऱ्या पाऱ्याने, म्हणजे आमच्या मोहल्ल्याने, तेच धरलं. आज ती हैदराबादला सिनेमात कामं करते, पोस्टरवर अनुजा असते. असू दे.

बर्फावर गिरक्या घेणाऱ्या मुली आपण टीव्हीवर बघतो. रायपुरात कुठला आलाय बर्फ? आमच्याकडे बर्फ उसाच्या रसात. तेव्हा त्याच उड्या, त्याच एका पायावरच्या गिरक्या भिंगरी चाकांवर घ्यायची. रविवारी सकाळी तिचे स्केटिंगचे सर मुलांना नवा रायपूरला नेत. तिथले रस्ते रुंद, गुळगुळीत, आणि गाडी दिसली तर नवल. तिचे आईबाबा दोघंही नोकरीवाले, आठवड्याचं घर रविवारीच आवरत. म्हणून सोबतीला मी. गोल बाजारातून ताणणारं कापड आणून तिचे पोशाखही मीच शिवायची, टिकल्या हाताने लावायची.

सरांचा एकच मंत्र होता, "गिरना गुनाह नहीं, पड़े रहना गुनाह है! गाना रुकता है क्या?" पोरीने तो असा अंगात मुरवला की काय सांगू! धप्प आवाज माझ्या कानापर्यंत पोचेतो ही उठून, हात पसरून, दात दाखवत उभी. गुडघ्यातून रक्त यायचं आणि ही हसायची. "अगं, दुखत नाही का तुला?" विचारलं तर म्हणायची, "दुखते नं. पण गाणं संपल्यावर दुखते."

बारा वर्षांची असताना राज्याच्या स्पर्धेत ती मोठ्या उडीत पडली. उठली, हसली, नाच पुरा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण निवड दुसऱ्या मुलीची झाली. त्या दुपारी भिंगरी चाकांसकट माझ्या दुकानात आली, कापड कापायच्या टेबलाखाली शिरली आणि चिंध्यांच्या ढिगावर पालथी पडली. दोन तास. मी मशीन थांबवली नाही. पण टाके कुठे पडत होते ते माझं मला ठाऊक! शेवटी ती बाहेर आली तेव्हा गालाला हिरवा दोरा चिकटला होता. "काकू, कोणाले सांगू नका."

"काय सांगू नको?"

"मी पडून होती म्हणून."

एकोणीस वर्षांची झाली तेव्हा एका छत्तीसगढी सिनेमावाल्याला चाकांवर नाचणारी मुलगी हवी होती. नायकाची बहीण! साऱ्या रायपुरात दुसरं नाव निघणार होतं का? मी दुकान बंद करून पेढे वाटले. तिच्या बाबांनी मात्र बजावलं, "एक पिक्चर करून पाह्य. नाही जमलं तर चाकं माळ्यावर, अन् गुपचूप बी.ए., बी.एड. कर." माझ्यापाशी येऊन भिंगरी म्हणाली, "काकू, मले दुसरं काही येतच नाही. हे गेलं तर मी काय करू?"

शूटिंग नेमकं नवा रायपूरच्या आमच्या रविवारच्या रस्त्यावर! दृश्य सोपं. बहीण सराव करताना पडते, उठू शकत नाही, लांबून भाऊ धावत येतो आणि उचलतो. भिंगरी झोकात पडली. आणि दुसऱ्या क्षणाला उठून, हात पसरून, हसत उभी! "कट!" दिग्दर्शक समजावत होता, "गिर के पड़े रह नोनी, झन उठ!" म्हणजे, पडून राहा पोरी, उठू नको. "हव सर," म्हणायची आणि पुन्हा उठायची. एकदा नाही, नऊदा! पडून पडून बाही फाटत होती, म्हणून तर मला तिथे बोलावलेलं. मी टाके घालून बेजार आणि तो भाऊ धावून धावून. शेवटी दिग्दर्शकाने टोपी काढून खुर्चीवर आपटली. जेवणानंतर एकदाच घेणार, नाही जमलं तर दुसरी मुलगी बघणार, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

भिंगरीने डबा उघडलाच नाही. "काकू, पायच ऐकून नाही राहिले. मले पडून राहताच नाही येत."

"खोटं नको बोलू. माझ्या टेबलाखाली कोण पडलं होतं मग?"

ती दचकली. "ते का कोणाले दाखवायचं असते?"

"आज दाखव."

तिने शिवायला बाही पुढे केली फक्त.

जेवणं झाली. कॅमेरा सुरू झाला. भिंगरी वेगात आली, उडी घेतली, पडली. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. ती उठेना. गाल डांबरावर, एका बुटाचं चाक हळूहळू फिरतंय, आणि पोरगी हलत नाही. चार, पाच. बारा वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं हो! मीच तिला सांगितलं होतं, आणि मीच सगळं विसरले. "अगं बाई, लागलं पोरीला!" म्हणत मी सुटले. गळ्यात टेप, हातात सुई, एक चप्पल मागे राहिलेली. भावाच्याही आधी पोचले मी! "ऊठ गं भिंगरे, ऊठ!"

तिने एक डोळा किलकिला केला. ओठ न हलवता पुटपुटली, "काकू, शूटिंग सुरू आहे."

धरणीमाता, पोटात घे! दिग्दर्शक बघतच राहिला, मग पोट धरून हसला. आणखी एकदा घेतलं, ती तशीच पडून राहिली, भावाने उचललं. मला तेवढ्या वेळापुरतं गाडीत कोंडून ठेवलं होतं.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला अर्धा पारा लोटला. मी मधे, एका बाजूला तिचे बाबा, दुसऱ्या बाजूला ती. पडद्यावर भिंगरी पडली आणि कोपऱ्यातून गळ्यात टेप घातलेली एक जाडी बाई एका अनवाणी पायाने धावत निघाली. ठेवलं होतं ते मेल्या दिग्दर्शकाने! लोकांनी शिट्ट्या मारल्या. पहिली शिट्टी तिच्या बाबांची. त्या दिवसानंतर बी.एड.चं नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

मला मात्र ती जाडी बाई दिसलीच नाही. मला फक्त तो डांबरावरचा गाल दिसत होता. मी पुन्हा मोजायला लागले, आणि पाचाला पोचले तर पुढची खुर्ची धरून उभी! मागचे ओरडायला लागले. भिंगरीने माझा पदर ओढला आणि कानाशी येऊन म्हणाली, "बसा नं काकू. उठते मी आता."