थेल्मा नुसतीच चालायला निघाली

उत्तर इंग्लंडमधल्या स्वेलडेलच्या खोऱ्यात, गनरसाइड गावाच्या वरच्या अंगाला आल्डरसनांचं मेंढ्यांचं शेत आहे. त्यांच्या अंगणातूनच, स्वयंपाकघराची खिडकी आणि गोठा यांच्या मधून, एक पायवाट जाते. ती सगळ्यांच्या हक्काची. बंद करता येत नाही, वळवता येत नाही. थेल्मा आल्डरसन लग्न होऊन या घरात आली त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. तेवढी सगळी वर्षं रविवार आला की पाठीवर पिशव्या घेतलेली माणसं तिच्या खिडकीसमोरून जायची आणि ती हातातलं काम टाकून दारात येऊन ओरडायची, "फाटक! मागचं फाटक कोण लावणार?"

लोक फाटक लावायचे. तरी ती ओरडायचीच. एकदा तिनं 'बैल मारका आहे' अशी पाटी ठोकली होती. बैल नव्हताच. एकदा भिंत ओलांडायच्या दगडी पायऱ्यांपुढे जुना लोखंडी पलंग उभा करून ठेवला. कुणीतरी कौन्सिलला पत्र लिहिलं, साहेब येऊन बघून गेला आणि पलंग हलवावा लागला. पत्र लिहिणाऱ्याचं नाव तिनं पक्कं लक्षात ठेवलं : डेरिक शॉ, मुक्काम रिचमंड.

तिचं म्हणणं साधं होतं. चालणं म्हणजे काम. मेंढी चुकली म्हणून चालायचं, भिंत पडली का ते बघायला चालायचं. काही काम नसताना, धडधाकट माणसानं डोंगर चढायचा आणि उतरून पुन्हा मोटारीत बसून घरी जायचं, हे तिला कधी कळलंच नाही.

मग दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात तिचा नवरा क्लिफ माळावर चार चाकांच्या क्वाड बाइकखाली सापडला. कमरेचं हाड मोडलं, चार फासळ्या गेल्या. खोऱ्याच्या त्या टोकाला रुग्णवाहिका यायला तास लागला असता. हेलिकॉप्टर आलं. वरच्या कुरणात उतरलं आणि वीस मिनिटांत क्लिफला घेऊन गेलंसुद्धा. आणखी उशीर झाला असता तर आतल्या रक्तस्रावानं गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. तो काठी टेकत का होईना घरी आला. मेंढ्यांचं सगळं मुलानं, कीथनं, अंगावर घेतलं.

ते हेलिकॉप्टर लोकांच्या देणग्यांवर चालतं. त्यासाठी दर जूनमध्ये खोऱ्यात मोठी चाल असते : वर केल्डपासून खाली रिचमंडपर्यंत, तेवीस मैल, एका दिवसात. फेब्रुवारीत त्याचं पत्रक आलं. क्लिफनं ते चार दिवस टेबलावर ठेवलं आणि दर जेवणाला सुस्कारा सोडला.

"पाय असते तर मी गेलो असतो."

"आहेत ना दोन."

"चालणारे म्हणतोय मी."

पाचव्या दिवशी थेल्मानं ताटली आपटली. "मी जाते! झालं समाधान? आता गप जेव."

तोंडातून शब्द गेला आणि क्लिफ लहान मुलासारखा हसला. आता मागे फिरता येईना.

गावच्या हॉलमध्ये नाव द्यायला गेली तर टेबलापलीकडे एक उंच, किडकिडीत म्हातारा बसलेला. गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात नकाशा, समोर वही. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस दर मंगळवारी लोकांना सरावाला नेणार होता.

"नाव?"

"थेल्मा आल्डरसन."

त्याचं पेन थांबलं. "गनरसाइडच्या वरचं शेत? लोखंडी पलंग?"

"आणि तुम्ही शॉ," थेल्मा म्हणाली. "पत्रवाले."

"तीन पत्रं लिहिली मी. तुम्ही एकालाही उत्तर दिलं नाही."

"दिलं की. पाटी लावली."

शॉमास्तरांनी खाली मान घालून नाव लिहिलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं असं थेल्माला वाटलं, पण खात्री नव्हती. "मंगळवार, सकाळी नऊ. बूट चांगले घाला, मिसेस आल्डरसन."

तिनं गोठ्यातले गुडघ्याएवढे रबरी बूट घातले. उभा जन्म त्यातच गेला होता. पहिल्या मंगळवारी अकराजण होते आणि पाचच मैल जायचं होतं. सुरुवातीच्या चढावर ती सगळ्यांना मागे टाकून पार वर जाऊन उभी राहिली. पुढे एका ठिकाणी भिंतीचे चार दगड खाली पडलेले दिसले. थेल्मा थांबली, दगड उचलले, एक एक करून बसवायला लागली. सगळे मागून आले आणि उभे राहिले.

"मिसेस आल्डरसन," शॉमास्तर म्हणाले, "आपण फिरायला आलोय."

"तुम्ही फिरा. उद्या इथून मेंढ्या पलीकडे जातील."

"या तुमच्या मेंढ्या नाहीत."

"मेंढ्यांना ते माहीत नाही, मास्तर."

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली आणि एक दगड उचलून दिला. ते तो भलत्याच बाजूनं बसवत होते, तिनं हातातून काढून घेतला. भिंत झाल्यावरच मंडळी पुढे निघाली.

तीन मैलांवर रबरी बुटांनी दगा दिला. दोन्ही टाचांना फोड आले. इव्हॉन नावाची एक गोल, गुटगुटीत बाई होती, रिचमंडमध्ये केस कापायचं दुकान चालवायची, जिभेला अजिबात विसावा नव्हता. तिनं थेल्माला दगडावर बसवलं, मोजे काढले आणि पट्ट्या लावल्या.

"अगं बाई, हे काय करून घेतलंस! आणि हे मोजे कुणाचे, नवऱ्याचे? चल शनिवारी, बूट घ्यायला मी येते. आणि केसांचंही बघू आपण."

"केसांना काय झालंय?"

"तेच तर बघू."

बूट आले. केसही कापून झाले. क्लिफनं खोऱ्याचा नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचला आणि दर मंगळवारी तिनं केलेली वाट लाल पेन्सिलीनं काढू लागला. तो तिला अंड्याचे सँडविच, चीज आणि सुक्या मेव्याच्या केकचा तुकडा बांधून द्यायचा. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिचा डबा भरत होतं. ती कुरकुरायची, "मीठ जास्त झालंय," आणि सगळं संपवून यायची.

एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायल्या आणि तिचे तीन मंगळवार बुडाले. कीथला एकट्याला झेपणारं नव्हतं ते. चौथ्या सोमवारी ती म्हणाली, "सोडून देते. माझा सराव गेला." रोज ती कुरणात दहा मैल तरी फिरत होती, पण ते तिच्या हिशेबी नव्हतं. ते काम होतं.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. "उद्या दहा मैल आहेत. वरच्या माळावरून निघून तुमच्या अंगणातून खाली जायचंय. तुमची परवानगी लागत नाही, पण म्हटलं कळवावं."

"माझ्या अंगणातून?"

"या ना आमच्याबरोबर. म्हणजे ओरडायला कुणी नसेल."

ती गेली. माळावरून खाली उतरताना तिला एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याच शेताकडे ती या वाटेनं कधी आलीच नव्हती. वरून घर केवढंसं दिसत होतं. धुरांडं, वाळत घातलेली चादर, क्लिफची खुर्ची. शेवटच्या भिंतीशी वाट फुटली. एक फाटा सरळ स्वयंपाकघराच्या दारात जात होता आणि एक गोठ्याला मागून वळसा घालून अंगणात. पुढची माणसं थबकली. नवीन आलेला एकजण विचारत होता, "कुठून जायचं? पुन्हा कुणाच्या घरात शिरायला नको."

थेल्मा फाट्याशी येऊन उभी राहिली. इथं पूर्वी बाण दाखवणारा खांब होता. वाऱ्यानं पडला तेव्हा तिनंच तो चुलीत घातला होता. म्हणजे इतकी वर्षं जी माणसं तिच्या दारात येऊन खुळ्यासारखी इकडे तिकडे बघत उभी राहायची, ती आगाऊ नव्हती. वाट चुकलेली होती. त्यांतली काही म्हातारी होती. एकदा एक बाई रडकुंडीला आली होती, आणि तिला थेल्मानं फाटकावरून झापलं होतं.

"गोठ्याच्या मागून," ती हळूच म्हणाली. "चला, दाखवते."

अंगणात पाय ठेवते तोच खिडकी उघडली आणि क्लिफचा आवाज खणखणला, "फाटक! मागचं फाटक कोण लावणार?"

इव्हॉन हसता हसता भिंतीला टेकली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. थेल्मानं मागे जाऊन फाटक लावलं आणि खिडकीकडे बघून म्हणाली, "अकरा कप चहा टाक, म्हाताऱ्या. लोक दमलेत."

त्याच आठवड्यात तिनं कीथकडून नवा खांब करून घेतला, पिवळ्या बाणाचा.

मे महिन्यात मास्तर सगळ्यांना समुद्राकडे घेऊन गेले. कड्यावरून सॉल्टबर्न ते स्टेथ्स, आणि परत यायला बस. थेल्मानं समुद्र बघून सव्वीस वर्षं झाली होती. शेवटचा बघितला तोही कुत्रा विकत घ्यायला गेली होती म्हणून. वारा इतका होता की इव्हॉनचंसुद्धा बोलणं ऐकू येईना. स्टेथ्सला पोचल्यावर धक्क्यावर बसून त्यांनी कागदातले मासे आणि बटाट्याचे काप खाल्ले, वर भरपूर व्हिनेगर. बस यायला तासभर होता. पडलेली भिंत नव्हती, मोजायला मेंढ्या नव्हत्या. थेल्मा मोजे काढून पाण्यात पाय सोडून बसली.

मास्तर शेजारी येऊन बसले. "कसलं काम चाललंय, मिसेस आल्डरसन?"

"काही नाही," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "थेल्मा म्हणा. तो बैल नव्हताच, मास्तर."

"ठाऊक आहे. मी डबा घेऊन दोन तास भिंतीवर बसलो होतो, त्याला बघायला."

चालीचा दिवस उजाडला तो ढगाळ आणि थंड, चालायला उत्तम. केल्डहून दीडशे माणसं निघाली. म्यूकरच्या खालची गवताची कुरणं फुलून गेली होती, पिवळी आणि जांभळी. तिथून दोघं दोघं चालणाऱ्यांवर एक म्हातारा शेतकरी फाटकातून खेकसत होता, "एका ओळीत! गवत आहे ते, गालिचा नाही!"

"बरोबर बोलतोय तो!" थेल्मा त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "एका ओळीत व्हा सगळे!" सगळी रांग मुकाट्यानं सरळ झाली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघून मानानं टोपी काढली.

रीथला अकरा मैल झाले, चहा झाला. मार्स्कपर्यंत सगळं झकास होतं. तिथल्या उतारावर मास्तरांचा गुडघा गेला. सुजून टम्म झाला. रिचमंड अजून सहा मैल होतं.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी इथून गाडी बोलावतो."

इव्हॉन दोघांकडे बघत राहिली. थेल्मानं तिला हातानं पुढे जायला खुणावलं, कुंपणातल्या हेझलच्या झुडपाची एक जाड फांदी चाकूनं तोडली आणि सोलून मास्तरांच्या हातात दिली.

"लंगडी मेंढी मी माळावर सोडून येत नाही. चला. सावकाश."

"माझ्यामुळे तुमचा वेळ जाईल."

"मला कुठं जायचंय? नुसतंच तर चालायचंय."

सहा मैलांना त्यांना साडेतीन तास लागले. व्हिटक्लिफच्या जंगलात ते तीनदा बसले. मास्तरांनी आपल्या गेलेल्या बायकोबद्दल सांगितलं; तिला नकाशा कळायचा नाही, पण वाट बरोबर सापडायची. थेल्मानं हेलिकॉप्टर आलं त्या दुपारबद्दल सांगितलं. पाती फिरत होती आणि मेंढ्या सैरावैरा पळत होत्या, आणि क्लिफचा हात तिच्या हातातून सोडवून घ्यावा लागला होता. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, क्लिफलासुद्धा नाही.

रिचमंडच्या बाजारचौकात ते शेवटचे पोचले. टेबलं आवरायला घेतली होती. पण इव्हॉन होती, मंगळवारची मंडळी होती, आणि खुर्चीवर बसलेला क्लिफ होता, कोटाच्या आत डुकराचं मांस भरलेली गरम पेस्ट्री लपवून. त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की दुकानांतली माणसं बाहेर आली. थेल्माला भारी लाज वाटली आणि छानही वाटलं.

घरी जाताना क्लिफ मोटार हळू चालवत होता. तिनं बूट काढून पाय वर घेतले होते. रस्ता नदीच्या कडेनं होता, त्यामुळे सकाळपासून चाललेलं सगळं उलट्या बाजूनं परत येत होतं.

"इथं मास्तरांचा गुडघा गेला," ती म्हणाली. मग, "इथं चहा घेतला. चहा पाणचट होता." मग, "त्या तिथं, त्या झाडाखाली बगळा होता, क्लिफ. अगदी हाताच्या अंतरावर."

"मग?"

"मग काही नाही. उभा होता. आम्ही बघत बसलो."

क्लिफनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी आणखी हळू केली, म्हणजे तिला सगळं नीट दाखवता येईल.