त्यांना ऐकू आलं होतं

अर्धांगवायूने नवऱ्याचा उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळंच गेलं. उरला एक शब्द, हो. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. उभी हयात त्यांनी नागझिऱ्यात पर्यटकांची पेट्रोलची जीप चालवली होती. इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगायचे. गाडी घेणारे लोक त्यांना मुद्दाम सोबत न्यायचे.

व्यायामासाठी त्यांना गोंदियाला न्यावं लागे. एसटीच्या पायऱ्या चढवता-चढवता मी रडकुंडीला यायची. शेवटी मीच गाडी चालवायला शिकले आणि आम्ही जुनी गाडी शोधायला लागलो. गोंदियाजवळच्या गोरेगावात एका धानाच्या व्यापाऱ्याकडे एक आहे असं कळलं. गाड्यांच्या मिस्त्रीला न्यावं असं मनात आलं होतं, पण यांना काय वाटेल म्हणून नाही नेला.

थंडीची सकाळ होती. अंगणात पांढरी गाडी धुऊन-पुसून उभी. मी बोनेटवर हात ठेवला, तर गरम.

"आत्ताच चालवली होती का?" मी विचारलं.

"तुमी येनार म्हनून जरा चालू करून ठेवली, बाई," व्यापारी म्हणाले.

थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावायचं, गरम इंजिन दुखणं लपवतं, हे यांनीच कितीदा लोकांना सांगितलेलं. पण हे खुर्चीवर बसलेले, व्यापाऱ्यांचा माणूस चहा घेऊन आलेला. मी कप हातात घेतला.

व्यापाऱ्यांनी चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यांनी रेस दिली तसा मागून निळसर धूर निघाला.

"थंडीत धुवा निघतेच जी. घरच्याच कामाले वापरली आमी."

मी यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटून, मान वाकडी करून ते ऐकत होते. एकदम त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"हो. हो. हो!"

"घ्यायची?"

"हो."

"नाही घ्यायची?"

"हो!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मनगट सोडेनात. व्यापारी हसून म्हणाले, "भाऊजीले पसंत आली, बाई."

मला तेच खरं मानायचं होतं. पुन्हा एसटीच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आल्या, आणि मी मान डोलावली. घरी येईस्तोवर हे खिडकीबाहेर बघत राहिले.

उन्हाळा लागेपर्यंत गाडी ऑइल पिऊ लागली. मिस्त्रीने प्लग काढून दाखवला, काळा, तेलकट.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या, बाई. इंजिन खोलाव लागन. घेताना कोनाले दाखवली नाही काऊन?"

हे शेजारच्या सीटवर बसून ऐकत होते. त्यांनी तर सांगितलं होतं. मलाच कळलं नाही, की मी कळून घेतलं नाही, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

इंजिन खोलायचं तेव्हा जमलं नाही. ऑइल भरून तशीच गोंदियाला निघाले. पुलाच्या चढावर गाडी दम टाकायला लागली. मी घाबरून एक्सलेटर दाबत राहिले, मागच्यांचे हॉर्न सुरू झाले. यांनी डावा हात कष्टाने आडवा आणला, गिअरवरच्या माझ्या हातावर ठेवला आणि मागे ओढला. मी क्लच दाबला. गाडी खालच्या गिअरमध्ये पडली आणि हळूहळू चढायला लागली.

त्यांनी हात तसाच ठेवला होता.